डबा इथला, डिस्क तिथली

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याची आधीच माफी मागते. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नाही, आणि अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबडी चालून गेल्यासारखं. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे ते माझ्या दारापर्यंत येऊन परत गेलं. कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही, पण डोक्यात प्रश्न फार असतात. गेमच्या डिस्कच्या प्रकरणात मला जे कळलं ते विसरायच्या आत कागदावर ठेवावं, एवढ्यासाठी लिहिते.

मी द्वारका चौकाजवळ एका गेम झोनमध्ये कामाला आहे. खाली टायरचं दुकान, वर आमचा हॉल. चार टीव्ही, चार मशीन, चार रुंद खुर्च्या. तासावर पैसे घेऊन लोकांना खेळू देतात. हे सगळं एका ताईंचं. वय तिशीच्या आसपास, पुण्यातली नोकरी सोडून इकडे आल्या आणि हे काढलं. त्या मला मावशी म्हणतात. मी सकाळी जाते, झाडूपोछा करते, लोकांच्या हाताच्या घामाने चिकट झालेले कंट्रोलर पुसते, दोनदा चहा करते. त्याआधी बारा सीझन निफाडकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये होते. थंडगार खोलीत दिवसभर उभं राहून गुडघे गेले, म्हणून ते सोडलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, कॅसेटमध्ये गाणं असतं तसा डिस्कमध्ये गेम असतो. घातली की सुरू. पण ताईंनी डिस्क आत सरकवली आणि पडद्यावर एक निळी पट्टी आली. ती इतकी हळू पुढे जात होती की माझी फरशी पुसून झाली तरी निम्म्यावरच. दोन-तीन दिवस मी गप्प राहून बघितलं. मग हॉल रिकामा असताना विचारलं.

"ताई, डिस्क तर घातली. मग हे आणखी काय मागवतंय?"

"अपडेट."

"म्हणजे?"

"म्हणजे गेमवाल्यांनी डिस्क छापल्या, डब्यात भरल्या, दुकानात पाठवल्या. आणि मग त्यांना चुका सापडल्या. छापलेल्या डिस्कवर परत लिहिता येत नाही. म्हणून दुरुस्त केलेला भाग इंटरनेटवरून येतो आणि मशीनमध्ये राहतो. डिस्क लावली की मशीन दोन्ही मिळून खेळ चालवतं."

"किती चुका असतात?"

"तीस जीबीच्या."

"तीस म्हणजे लय का थोड्या?"

"अख्खी डिस्क पन्नासची असते, मावशी."

"अगं बाई! आमच्या पॅकहाऊसमधून एवढा माल परत आला असता तर मालकानं आम्हाला टेबलासकट बाहेर काढलं असतं."

ताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला आणि तो मलाच पुसावा लागला. पण त्या दिवसापासून माझी भीड जरा चेपली. हॉलमध्ये कुणी नसलं की मी विचारायचे आणि त्या सांगायच्या.

प्रत्येक गेमचा एक आवृत्तीचा आकडा असतो. डिस्क छापली तेव्हा एक, मग एक पॉइंट शून्य दोन, शून्य तीन, असं वाढत जातं. पडद्याच्या कोपऱ्यात तो दिसतो. मला आकडे वाचता येतात, म्हणून मी तो रोज बघायचे. कुणाच्या तान्ह्याचं वजन वाढतंय का बघावं, तसं. मी विचारलं, मधले पाच-सहा अपडेट चुकले तर? ताई म्हणाल्या, काही बिघडत नाही, शेवटच्यात आधीचे सगळे धरलेले असतात. हे मला फार पटलं.

दुसरी गोष्ट डीएलसी. अपडेट फुकट, डीएलसी पैसे देऊन. खेळ घेतल्यावर वरून घ्यायच्या गोष्टी म्हणजे नवीन गाड्या, नवीन मैदानं, नवीन कपडे. मी मनात त्याला जोडमाल म्हणते. एकदा ताईंनी कुठल्याशा कुस्तीच्या खेळाचा जोडमाल घेतला. चांगले हजाराच्या वर पैसे गेले. मी निळ्या पट्टीची वाट बघत उभी राहिले, तर डोळा मिटून उघडेपर्यंत काम झालंसुद्धा.

"झालं?"

"झालं."

"फुकटचं येतं तेव्हा दोन तास लागतात. आणि पैसे मोजलेलं एवढंसं?"

"माल आधीच आलेला असतो, मावशी. अपडेटमध्ये. सगळ्यांच्या मशीनमध्ये येतो, ज्यांनी घेतला नाही त्यांच्यासुद्धा. पैसे दिले की फक्त किल्ली येते."

मी थक्क झाले. "म्हणजे आपल्या घरात दुसऱ्याची कुलूप लावलेली ट्रंक?"

"आणि जागा आपली अडवायची."

"पण न घेणाऱ्याच्या घरी कशाला आणून ठेवायची?"

ताईंनी हातांनी दोन गाड्या करून दाखवल्या. "तुम्ही आणि मी शर्यत लावली. माझी गाडी विकतची आहे, तुमची नाही. पण माझी गाडी तुमच्या पडद्यावर दिसायला हवी ना? नाहीतर तुम्हाला धडकलं कोण, हेच कळणार नाही."

मी त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये हाच विचार करत होते. माझा थांबा मागे गेला.

आता माझ्या हातून काय झालं ते लिहिते.

पॅकहाऊसमध्ये बारा वर्षं हाताला एकच वळण लागलं होतं. घड उचलायचा, उजेडात फिरवायचा, वाईट मणी कात्रीने काढायचे आणि प्रत लावायची. चांगल्या प्रतीचा माल चांगल्या पेटीत, दुय्यम प्रतीचा दुसरीकडे. युरोपची पेटी वेगळी, आखाताची वेगळी, गावातल्या बाजाराची वेगळी. पेटीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर लॉटचा नंबर आणि ज्या बाईने भरली तिचा नंबर. माझा सतरा होता. एखाद्या पेटीत चुकीची डबी गेली तर सुपरवायझर नंबर बघून थेट टेबलाशी येऊन उभा राहायचा. "सतरा, हे काय?" सतरा म्हटलं की मी कात्री खाली ठेवायचे.

दिवाळीआधी ताईंनी मला डिस्कचे सगळे डबे पुसायला सांगितले. साठ-सत्तर असतील. डिस्क कशी पुसायची तेही शिकवलं. मऊ फडक्याने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल फिरवायचं नाही. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम दोनदा निघाला. वरचं चित्र तेच, लाल गाडी आणि मागे डोंगर. एक डबा नव्यासारखा, पण आतल्या डिस्कवर ओरखडे. दुसऱ्या डब्याला तडा गेलेला, कुणीतरी त्यावर बसलं असावं, पण आतली डिस्क आरशासारखी. माझा हात विचारायला थांबला नाही. चांगली डिस्क चांगल्या डब्यात, ओरखड्यांची फुटक्यात. डबे ओळीत लावून मी लांब उभी राहिले आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बँकेतली मंडळी आली. हे चौघे आमचे नेहमीचे. दर शनिवारी दुपारनंतर यायचे आणि हाच गाड्यांचा खेळ खेळायचे. त्यातले एक टक्कल पडलेले साहेब सगळ्यांत जोरात ओरडणारे. ताईंनी डिस्क घातली आणि मशीनने पुन्हा पहिल्यापासून निळी पट्टी दाखवायला सुरुवात केली.

"हे काय? परवाच तर झालं होतं सगळं," ताई पुटपुटल्या.

अर्ध्या-पाऊण तासाने खेळ सुरू झाला आणि टकले साहेब खुर्चीतून उठलेच.

"ताई, माझी गाडी कुठंय? सहा महिने खपून घेतली होती!"

"नाही दिसत?"

"काही नाही! सगळं शून्यापासून! पहिली खटारा गाडी दिलीये मला!"

त्यांचा मित्र म्हणाला, "हप्ते थकले असतील रे. जप्ती झाली."

"आपल्याच बँकेने केली असेल. नोटीस वाचत नाहीस तू," तिसरा म्हणाला.

"अरे हसता काय? चांदीच्या रंगाची होती!"

हसण्यात गेलं ते. ताईंना वाटलं, आदल्या दिवशी लाइट गेली होती त्यात साठवलेलं पुसलं गेलं. मी चहा ठेवायला आत गेले. माझ्या मनात काहीही आलं नाही, हे खरं सांगते.

त्याच आठवड्यात लासलगावकडचा एक माणूस आला, मार्केटात कुणाकडे तरी हिशेब लिहिणारा. त्याला घरी खेळायला जुनी डिस्क हवी होती. ताईंनी फुटक्या डब्यातली त्याला पाचशेला दिली. एकाच गेमच्या दोन कशाला ठेवायच्या? तो पिशवीत घालून गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

मग बँकेच्या साहेबांनी सांगितलं, आमच्या दोन-तीन शाखांची मिळून स्पर्धा ठेवायची आहे, पण जुने रस्ते नकोत, नवीन रस्ते आणि गाड्या घ्या. दोन रविवार पूर्ण हॉल आमचा. ताईंना खूप आनंद झाला. जोडमालाचा तो पॅक तीन हजार चारशेचा होता. घेण्याआधी ताईंनी डबा उलटापालटा करून नीट बघितला. मी विचारलं, काय बघता? तेव्हा मला ही तिसरी गोष्ट कळली.

"गेम एकच असला तरी तो वेगवेगळ्या देशांसाठी वेगळा छापतात. डब्याच्या पाठीवर बारीक नंबर असतो. खाली कोपऱ्यात वयाची खूण. आपल्याकडच्या डब्यावर आकडा असतो, तीन, सात, बारा. अमेरिकेच्या डब्यावर आकड्याऐवजी इंग्रजी अक्षर. डीएलसी ज्या देशाच्या खात्यावरून घ्याल, डिस्क त्याच गटातली लागते. नाहीतर जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे?"

"कुलूप तिथलं, किल्ली इथली."

डब्यावर आकडा होता. तीन. मी स्वतः बघितला. ताईंनी पैसे भरले. किल्ली चुटकीसरशी आली. खेळ सुरू केला तर नवीन रस्त्यांवर कुलूप तसंच. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा कुलूप. ताईंनी डिस्क बाहेर काढली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"मावशी, इकडे या. डब्यावर काय आहे?"

"तीन."

"आणि डिस्कवर?"

डिस्कच्या कडेला छोट्या चौकोनात एक इंग्रजी अक्षर होतं. आडव्या तीन दांड्या आणि एक उभी. मला त्याचं नाव येत नव्हतं, पण तो आकडा नव्हता.

"डबा इथला आणि डिस्क अमेरिकेची," ताई म्हणाल्या. "शेठनी मला गंडवलं."

हे शेठ म्हणजे चौकाच्या पलीकडचे, जुन्या-नव्या गेमच्या डिस्क विकणारे. साठीचे, कानावर पेन्सिल. चांगल्या डब्यातली डिस्क ताईंनी त्यांच्याकडून वर्षापूर्वी जुन्यात अठराशेला घेतली होती. फुटक्या डब्यातली एका बंद पडलेल्या कॅफेकडून गठ्ठ्यात आली होती, तिचा देश कुणी बघितलाच नव्हता.

ताई तशाच निघाल्या. फिनेल आणायचं होतं म्हणून मलाही बरोबर घेतलं. एरवी त्या शेठना काका म्हणायच्या.

"शेठ, हे काय दिलं मला?"

शेठनी चष्मा लावला. "ही माझ्याकडची नाही, बेटा."

"डबा तुमचा आहे. तुमची चिकटपट्टी आहे त्यावर."

"डबा माझा आहे. पण मी डबा आणि डिस्क जुळवल्याशिवाय देत नाही. तीस वर्षं झाली, आधी कॅसेट विकायचो तेव्हापासून."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं कुठं म्हणालो? वर्षभर वापरलीस. तुझ्याकडे माणसं येतात-जातात."

"माझ्याकडची माणसं गाड्या चालवायला येतात, डिस्क बदलायला नाही!"

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. ती ऐकत होती. शेठचे कान लाल झाले. त्यांनी गल्ला उघडला, अठराशे मोजले, काउंटरवर ठेवले आणि डिस्क डब्यासकट स्वतःकडे ओढून घेतली.

"घे. भांडायला मला वेळ नाही."

"बघितलंत? चूक होती म्हणूनच दिले," ताई बाहेर येऊन मला म्हणाल्या. शहरातल्या गेम झोनवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. ताईंनी रस्त्यातच त्यावर लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, की शेठकडून जुना माल घेऊ नका, डबा एक आणि आत दुसरं निघतं.

मी फिनेलची बाटली घेऊन मागे चालत होते. ताईंच्या बरोबरीने चालायला नको वाटत होतं. कारण खिडकीतल्या उजेडात ती डिस्क बघतानाच फुटक्या डब्यातली म्हणून मला ती ओळखू आली होती. आरशासारखी.

तरी मी स्वतःची समजूत घालून बघितली. म्हटलं, दोन्ही अमेरिकेच्या असतील. म्हटलं, शेठनी आधीच चुकीची दिली असेल. पण डोक्यातले प्रश्न गप्प बसेनात. दोन दिवसांनी मी ताईंना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मशीनला कसं कळतं, कुठली डिस्क कुठली?"

"नंबरावरून. नंबर वेगळा असला की मशीनच्या मते तो वेगळाच गेम. त्याचं अपडेट वेगळं, साठवलेलं वेगळं."

"म्हणजे देश बदलला तर पुन्हा पहिल्यापासून निळी पट्टी?"

"हो. सगळंच पहिल्यापासून."

साहेबांची चांदीच्या रंगाची गाडी गेली तो दिवस म्हणजे मी डबे पुसल्यानंतरचा दुसराच दिवस. लाइट गेल्यामुळे काही पुसलं गेलं नव्हतं. जुन्या डिस्कचं सगळं मशीनमध्ये तसंच होतं. नवीन डिस्कला ते आपलं वाटलं नाही, एवढंच. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत त्या चांगल्या डब्यातून मशीनमध्ये इथलीच डिस्क जात होती. शेठनी बरोबरच दिली होती.

हे कळल्यावर खरं तर मला आधी गंमत वाटली. एवढा गुंता मी एकटीने सोडवला होता. आणि मग एकदम लाज वाटली. या डब्यांवर भरणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी नसते. सतरा म्हणून कुणी हाक मारणार नव्हतं. मी गप्प राहिले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

त्या आठवड्यात मी मुद्दाम शेठच्या दुकानावरून गेले. एरवी तिथे दोन-चार गिऱ्हाईकं असायची. त्या दिवशी शेठ एकटे बसून डबे पुसत होते. तिसऱ्या दिवशीही एकटेच. ताईंना ग्रुपवर लोकांचे निरोप येत होते, बरं झालं सांगितलंत, आम्हीही आता तिकडे जाणार नाही. ताई मला ते वाचून दाखवायच्या आणि मी कंट्रोलर पुसत राहायचे. एकच कंट्रोलर, पुन्हा पुन्हा. कॅसेटपासून जपलेलं त्या माणसाचं नाव माझ्या फडक्याखाली गेलं होतं, आणि ते परत मिळणं माझ्या तोंड उघडण्यावर होतं. आणि तोंड तर उघडत नव्हतं.

सोमवारी सकाळी हॉल रिकामा होता. मी ठरवून गेले होते. ताईंसमोर उभी राहिले, पण शब्द फुटेना. शेवटी कपाटातून दुसऱ्याच कुठल्या तरी गेमचे दोन डबे काढले. त्यांच्यासमोर उघडले. एक डिस्क काढली, उजेडात फिरवली, दुसरी काढली, फिरवली. याची त्यात घातली, त्याची यात. दोन्ही डबे खटकन बंद केले आणि टेबलावर ठेवले.

ताई बघत राहिल्या. "काय करताय मावशी?"

"हेच केलं होतं. दिवाळीआधी."

"कुठल्या..." आणि त्या मध्येच थांबल्या. "गाड्यांच्या?"

मी मान हलवली.

"का पण?"

"प्रत लावली."

"काय?"

"एक डिस्क चांगली होती, तिचा डबा फुटका. माल पेटीच्या लायकीचा असावा म्हणून..."

ताईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी ते दोन्ही डबे पुन्हा उघडून बघितले. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्या डिस्कचं ग्रेडिंग केलंत? द्राक्षासारखं?"

"हो."

"आणि मी त्या माणसाला भर दुकानात..." त्यांनी मोबाइल उचलला आणि परत खाली ठेवला. "आठ दिवस का नाही बोललात?"

"भ्यायले."

"मला?"

"सगळ्यालाच."

त्या रागावल्या होत्या, ते मला दिसत होतं. खुर्ची जोरात सरकवली. दोन फेऱ्या मारल्या. मग चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चला. आत्ताच. नंतर माझाही धीर होणार नाही."

शेठ आम्हाला बघून उठले नाहीत. ताईंनी सगळं सांगितलं, स्वतःचं काही न वगळता. मी काउंटरच्या काचेवरचा एक डाग बघत उभी होते. शेठनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळले.

"तुम्हाला कसं कळलं, मी बरोबर दिली होती ते?"

मी निळ्या पट्टीचं आणि साहेबांच्या गाडीचं सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. शेठनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं टोक बघत राहिले.

"हे आमच्या या मॅडमना सुचलं नाही होय?"

"नाही सुचलं, काका," ताई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली. "तुमचे अठराशे."

"पैशाचं नंतर. आधी ते ग्रुपवर लिही."

"लिहिते."

"इथं बस आणि लिही. आणि मला वाचून दाखव. मला तुमचं ते बारीक दिसत नाही."

ताईंनी तिथेच स्टुलावर बसून लिहिलं. चूक आमच्याकडे झाली, डिस्क आमच्याच कपाटात बदलली गेली, शेठनी दिलेला माल बरोबर होता, मी न तपासता त्यांना बोलले. शेठनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मध्येच थांबवून म्हणाले, "न तपासता बोलले, त्याच्या आधी भर दुकानात हे घाल."

ताईंनी घातलं.

मग पैशावरून आमच्या दोघींत जुंपली. ताई म्हणत होत्या, मी डिस्क न बघता फुटक्या डब्यातली विकली, निम्मी चूक माझी. मी म्हटलं, हात माझा फिरला, ते अठराशे तुमच्या खोळंब्याचे धरा आणि शेठचे मी फेडते. त्या म्हणाल्या, तुमचा पगार केवढा, अठराशे कुठून आणणार? मी म्हटलं, महिन्याला तीनशे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी दुकानात उभी राहून एवढ्या मोठ्याने बोलले असेन. शेठ दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

"इथं देणाऱ्यांचीच भांडणं लागलीत," ते म्हणाले. "मला चालेल तीनशे. पण दर महिन्याला इथं स्वतः आणून द्यायचे. कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत."

अमेरिकेची डिस्क त्यांनी स्वतःकडेच ठेवली आणि तिच्या बदली इथली एक, ओरखड्यांची, त्याच डब्यात घालून ताईंना दिली. मशीनने तिला लगेच ओळखलं. थोडंसं अपडेट मागितलं आणि मग नवीन रस्ते उघडले. एक रस्ता बर्फातून जातो. टकल्या साहेबांची चांदीची गाडीही परत आली. ते म्हणाले, "जप्ती उठली!" बँकवाल्यांची स्पर्धा ठरल्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा झाली आणि साहेब पहिल्याच फेरीत बाद झाले.

मी दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला शेठकडे जायचे. पहिल्यांदा पैसे देऊन लगेच निघाले. दुसऱ्या वेळी काउंटरवर एक जाड पत्र्याचा डबा होता, सोनेरी, उघडला तर आत बाहुली, नकाशा आणि एक चिठ्ठी. डिस्कची जागा रिकामी. मी विचारून बसले.

"यात गेम कुठाय?"

"यात गेम नाही."

"मग विकता काय?"

"डबा," शेठ म्हणाले. "गेम त्या चिठ्ठीवरच्या नंबरावर. तो मशीनमध्ये टाकायचा, मग सगळं वरून उतरतं."

"आणि नंबर एकदा टाकला की?"

"की तो कागद. चणे बांधा त्यात."

तेव्हापासून दर खेपेला मी काहीतरी विचारायचे आणि शेठ काहीतरी काढून दाखवायचे. एका गेमच्या डब्यात दोन डिस्क होत्या, एक फक्त माल मशीनमध्ये उतरवायला आणि दुसरी खेळायला. दुसऱ्या एका डब्यात नखाएवढं कार्ड होतं, ज्यात निम्माच गेम मावतो आणि बाकीचा मागवावा लागतो. एका डब्यावर मोठ्या अक्षरात संपूर्ण असं काहीतरी छापलंय, असं शेठ म्हणाले, पण जोडमालाची चिठ्ठी पहिल्या मालकाने वापरलेली, म्हणजे दुसऱ्यासाठी तो संपूर्ण नाहीच. मी विचारलं, मग वापरलेली चिठ्ठी आत कशाला ठेवता? ते म्हणाले, "आत कागद दिसला की गिऱ्हाईकाला बरं वाटतं. पण मी सांगूनच देतो." ते सांगून देतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. चौथ्या महिन्यापासून दुकानात पुन्हा माणसं दिसायला लागली. मला बाजूला उभं राहून थांबावं लागायचं. थांबायला माझी काही हरकत नव्हती.

शेठ मला इंग्रजी अक्षरांची खूणही शिकवत होते. आडव्या तीन दांड्या आणि एक उभी, ते ई. म्हणजे सगळ्यांना चालणारा खेळ. टी म्हणजे मोठ्या मुलांना. मी डिस्क हातात घेते तेव्हा आता आधी कोपरा बघते आणि मग डबा.

परवा सहावा महिना होता. दुकानात गर्दी होती. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा शंभराच्या तीन नोटा काउंटरवर ठेवल्या. शेठनी त्या मोजल्या, गल्ल्यात टाकल्या, कानावरची पेन्सिल काढून आपल्या वहीतल्या अठराशेच्या आकड्यावर आडवी रेघ ओढली आणि वही माझ्याकडे फिरवली, नीट दिसावी म्हणून. सगळे पैसे फिटले होते.